बबल टीची गोळी आणि आपला साबुदाणा

बबल टीच्या जन्माचा जो वाद सगळ्यांना ठाऊक असतो, तो दोन दुकानांचा. तैवानमधल्या तैचुंग शहरातले ‘चुन शुई तांग’ म्हणते, थंड दुधाच्या चहात गोळ्या पहिल्यांदा आमच्याकडे पडल्या. ताइनानचे ‘हानलिन’ म्हणते, छे, १९८६ साली आमच्याकडे. दहा वर्षे कोर्टबाजी चालली आणि २०१९ मध्ये निकाल लागला, की हे पेय कोणीही करावे, कोण पहिला हे ठरवायची गरज नाही. निकाल शहाणपणाचा होता. बर्फ घालून चहा खळखळून फेसाळ करण्याची रीत तिथे आधीपासून होती आणि ‘फेन-युआन’ या पिठाच्या गोड गोळ्याही बाजारात मिळतच होत्या. दुकानदारांनी फक्त सोयरीक जुळवली. कुळकथा सांगायची तर गोळीची सांगायला हवी, आणि ती थेट आपल्या उपासाच्या डब्यापाशी येऊन पोचते.

आज ही गोळी ज्या पिठाची होते, त्याच पिठाचा आपला साबुदाणा होतो. दोन्ही कसाव्याच्या कंदाचे, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून समुद्रापार नेला. पण गोळी करण्याची कल्पना अमेरिकेतून आलेली नाही. आग्नेय आशियात सागो नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाचा गाभा कुटून, धुऊन पीठ काढत; तेराव्या शतकात सुमात्रात मार्को पोलोने झाडातून निघणारे हे पीठ पाहिले होते. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर-मलाक्का भागात स्थायिक झालेले चिनी कारागीर ओले सागो-पीठ हलवून हलवून त्याचे मणी वळवत आणि तापल्या कढईत भाजून ते निर्यात करत. त्याच मुलखात कसाव्याची लागवड वाढली, तेव्हा पीठ बदलले, हातखंडा तोच राहिला. भारतात हा उद्योग आला तो दुसऱ्या महायुद्धात, तिकडची आवक बंद पडल्यावर. तमिळनाडूतल्या सेलमचे मासळीचे व्यापारी माणिक्कम चेट्टियार आणि पेनांगहून आलेले पोपटलाल शहा यांनी १९४३ च्या सुमारास तिथे कसाव्यापासून साबुदाणा करायला सुरुवात केली. महाराष्ट्राची एकादशी मासळीच्या व्यापाऱ्याच्या उपकाराखाली आहे, हे सोवळ्यातल्या मंडळींना न सांगितलेले बरे.

यावर तैवानचा अभिमानी लगेच म्हणेल, की आमच्या जुन्या फेन-युआन कसाव्याच्या नव्हत्याच, त्या रताळ्याच्या पिठाच्या. हरकत खरी आहे, पण ती माझ्याच बाजूला वजन टाकते. रताळेही अमेरिकेचेच. स्पॅनिश लोकांबरोबर ते फिलिपाइन्समध्ये आले आणि १५९३ मध्ये चेन झेनलोंग नावाच्या व्यापाऱ्याने तिथल्या लुझोन बेटाहून त्याचे वेल चीनच्या फुजियान प्रांतात नेले. स्पॅनिशांची बंदी चुकवण्यासाठी वेल जहाजाच्या दोरखंडात गुंफले होते, असे सांगतात. लवकरच फुजियानात दुष्काळ पडला आणि रताळ्याने माणसे जगवली. शेंगदाण्याने दक्षिण चीन गाठला तोही साधारण याच समुद्री वाटांनी, आणि गोड शेंगदाण्याचे दाट सूप फुजियान-तैवानच्या न्याहारीत कायमचे बसले. म्हणजे आज शेंगदाण्याच्या दुधाचा चहा करून त्यात गोळ्या सोडल्या, की पेल्यात चहा तेवढा आशियाचा. बाकीची जोडी साबुदाण्याच्या खिचडीतलीच.

हा निव्वळ योगायोग, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे, की परदेशी पीक जिथे जुनी जागा आयती मिळते तिथेच मुरते. सागोची जागा कसाव्याने घेतली. उपासाला रोजचे धान्य वर्ज्य पण कंदमूळ चालते, म्हणून रताळे, बटाटा आणि साबुदाणा विनातक्रार आत आले. ‘शास्त्रकारांना ही पिके माहीतच नव्हती, म्हणून मनाई राहून गेली’ हे नेहमीचे स्पष्टीकरण मला पटत नाही. तसे असते तर मकाही चालला असता, तोही अमेरिकेचा. पण मक्याला कणीस येते, तो दिसतोच धान्य, म्हणून अडला. शेंगदाणा द्विदल, एरवी हरभऱ्या-तुरीच्या पंगतीत बसला असता. पण फूल गळल्यावर त्याची देठासारखी आरी जमिनीत शिरते आणि शेंग मातीत पोसते. माझा कयास असा, की या भूमिगत वास्तव्यामुळे तो कंदांच्या गटात खपून गेला. हिरवी मिरची जमिनीवरची असूनही चालते, याचे उत्तरही जागेतच आहे: तिने आधीच मान्य असलेल्या मिरीचा पाट घेतला.

घरी करून पाहायचे तर नात्याचा पुरावा हातालाच लागतो. अख्खा साबुदाणा चहात टाकला तर तो मऊ होतो, पण दाताखाली चिवट लागत नाही. तो मिक्सरमधून बारीक दळून चाळावा आणि त्यावर गुळाचे खळखळ उकळते पाणी थोडे थोडे ओतून मळावे. पाणी कोमट झाले की फसले: उकळत्या पाण्याने काही स्टार्च शिजून खळीसारखा होतो आणि उरलेल्या कच्च्या पिठाला धरून ठेवतो, कोमट पाण्यात पीठ मुठीत घट्ट आणि मूठ उघडताच पातळ, असे छळते. वाटाण्याएवढ्या गोळ्या वळून भरपूर उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवाव्यात, मधला पांढरा ठिपका जाईपर्यंत, आणि तेवढाच वेळ झाकून ठेवून गुळाच्या पाकात टाकाव्यात. शेंगदाणे खमंग भाजून, सोलून, तासभर भिजवून वाटीला तीन वाट्या पाणी या मापाने वाटावेत, गाळावेत आणि गाळलेले दूध एकदा उकळून कडक कोऱ्या चहात मिसळावे. गोळ्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीत स्टार्च पुन्हा आवळतो आणि आतून खडूसारखा लागतो. दोन-तीन तासांत संपवाव्यात. आणि चहा उपासाला चालत असेल, तर हा पेलाही चालायला हरकत नाही. फक्त बबल टीची तयार पावडर वापरलीत तर पाकिटावरचे घटक आधी वाचा.