मिरजेचा भोपळा

आमच्या करमाडच्या देवळात भिंतीला एक वीणा टांगलेली आहे. वीणा म्हणायची आपली पद्धत. पाहायला गेलं तर तो लहानसा तंबोराच. खाली भोपळा, वर दांडी, चार तारा. चैत्रातल्या सप्ताहात ती सात दिवस जमिनीला टेकवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा असतो. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली उतरत नाही.

१९८६ सालच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा माझ्याकडे होता. वय एकोणीस. दिवसभर मोसंबीला पाणी देऊन आलेलो. उभ्या उभ्या डोळा लागला, तोल गेला आणि भोपळा दगडी खांबावर आदळला. समया तेवत होत्या, दोघं-तिघं भिंतीशी पेंगत होते. कुणी पाहिलं नाही. भोपळ्याच्या बुडाशी केसाएवढी चीर दिसली. चारला काकड्यासाठी भावकीतले थोरले आबा आले. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पाया पडलो आणि घरी जाऊन झोपलो.

दुपारपर्यंत चीर हातभर झाली. "म्हाताऱ्यानं खुंटी लई पिळली," असं कुणीतरी म्हणालं आणि तेच गावानं धरलं. आबा काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी वीणेला हातच लावला नाही. चाळीस वर्षांचे वीणेकरी, पण एकादशीला दाराजवळ बसून नुसते टाळ्या वाजवायचे. मी ते बघायचो आणि गप्प राहायचो.

कापसाचे पैसे हाती आल्यावर अण्णा म्हणाले, "मिरजेला जाऊ. वीणा तिथंच नीट होती." वीणा गोधडीत बांधून आम्ही औरंगाबादला आलो, तिथून एसटीनं पुण्याला. मिरजेची गाडी रात्रीची. मधल्या वेळात अण्णांनी मला राजा केळकर संग्रहालयात नेलं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या, लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. दिवे, अडकित्ते, दारं आणि वाद्यांची दालनं. काचेमागच्या तारा बघत अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "नीट ठेवलंय सगळं. पण वाजवीत नसतील." गोधडीतली वीणा त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मिरजेत सतारमेकरांची एक गल्लीच आहे. घराघरात कारखाना. कारखाना म्हणजे यंत्रांची घरघर नव्हे. ओटीवर चार माणसं पाय पसरून बसलेली, आढ्याला शेकडो भोपळे टांगलेले, सगळीकडे लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. त्या घराच्या थोरल्या कारागिरानं वीणा मांडीवर घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही ताणानं गेली नाही ओ, माउली. ताणानं गेली तर वरनं उकलते. ही बुडातनं फुटलीय. आदळली."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. एवढंच झालं.

भोपळा बदलायला आठ-दहा दिवस लागणार होते. अण्णा म्हणाले, "हा थांबंल इथं. घेऊन येईल." माझ्या हातावर परतीचं भाडं ठेवून ते गेले. मला शिक्षा दिली की मोकळीक, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसांत मी पाणी भरलं, भुसा झाडला आणि काम पाहिलं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. खायचे नव्हेत, कडू. पुरते वाळले की वर टांगून ठेवायचे. कामाला घेताना कापायचे, पाण्यात भिजवून मऊ करायचे, आतला गर खरवडायचा, काठ्यांचा ताण देऊन आकार बसवायचा आणि पुन्हा वाळवायचे. आमच्या वीणेसाठी आधीच तयार झालेला भोपळा काढला म्हणून दिवसांवर भागलं. दांडीचं लाकूड तुणीचं, वजनाला हलकं. शेवटी जवारी. घोडीचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा, की तार तिला टेकून-न टेकून राहावी. तेव्हा एका तारेतून गुंजन उठतं. ते मोजायला पट्टी नाही, कानच लागतो.

काम करता करता म्हातारा जुन्या गोष्टी सांगायचा. ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, भाले घासून धार लावायची, हत्यारं दुरुस्त करायची. १८१८ साली पेशवाई गेली, पुढं लढायाच उरल्या नाहीत. मग धार कशाला लावायची? मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. दरबारात उत्तरेकडचे गवई-वादक यायचे. प्रवासात त्यांची वाद्यं मोडायची आणि नीट करणारं जवळपास कुणी नसायचं. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार या कसबी माणसानं मोडकी वाद्यं हातात घेतली. उघडून पाहिली, जोडली आणि जोडता जोडता शिकले. १८५० च्या सुमाराला त्यांनी नवा तंबोरा घडवला. लोखंडाचा हात असा लाकडावर आला. पुढं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथं विद्या दिली, विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीच शिकले. किराण्याचे अब्दुल करीम खाँ इथंच राहिले. १९३७ साली प्रवासात गेले, पण माती मिरजेला मिळाली. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. एका संध्याकाळी मी तिथं जाऊन बसलो.

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. एवढी मोठी पेठ, देशभर जाणाऱ्या सतारी, तंबोरे, आणि सुरुवात कशातून? मोडलेलं लपवायच्या ऐवजी कुणीतरी ते मांडीवर घेतलं, त्यातून.

निघताना कारागिरानं वीणा छेडून दाखवली आणि विचारलं, "सप्ता चैत्रात ना? तवर तार बसंल. रोज वाजवत ऱ्हावा."

करमाड स्टेशनावर उतरलो तो घरी न जाता थेट आबांच्या वस्तीवर गेलो. ते बैलांना कडबा टाकत होते. गोधडी सोडली, वीणा पुढं धरली आणि सगळं सांगितलं. आबांनी हात धोतराला पुसले. नव्या भोपळ्याच्या बुडाशी बोट फिरवलं.

"मला ठावं होतं," ते म्हणाले. "गळ्यात घेतली तव्हाच बोटाला चीर लागली."

"मग बोलले काहून नाही?"

"पहारा चालू होता लेका. पहाऱ्यात तुझं नाव घेत बसू का?"

थोडं थांबून म्हणाले, "पण नंतर तू येशील असं वाटलं होतं. आठ महिने झाले."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकादशीला मी देवळात चारचौघांसमोर तेच पुन्हा सांगितलं. काहीजण हसले, एकानं शिवी दिली. आबा उठले आणि त्यांनी वीणा गळ्यात घातली. पुढं सात सप्ताह काकड्याचा पहारा त्यांनीच केला.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी पेपरात आली. मी ते कात्रण देवळात, वीणेच्या खुंटीखाली चिकटवलं. आता गावच्या शिवारालगत शेंद्र्याच्या कंपन्या आहेत. दुसऱ्या पाळीहून रात्री परतलेली पोरं डबा घरी ठेवून पहाऱ्याला उभी राहतात. डोळे तांबारलेले असतात. दोन ते चारला मी मुद्दाम देवळात जाऊन बसतो. कुणाची मान कलली की हळूच उठतो आणि म्हणतो, "आण इकडं. तू जरा टेक."