गूगल की शॉपिंग ॲप? वस्तूंच्या सर्चवरून चाललेली लढाई आणि त्यात आपला खिसा

आजचा विषय आमच्या स्वयंपाकघरातून सुरू होतो.

ऐन दिवाळीच्या तोंडावर आईच्या मिक्सरचं चटणीचं भांडं गेलं. आई म्हणाली, "अगं, तुझ्या मोबाइलवर मिळतंय का बघ." मी एक शॉपिंग ॲप उघडलं, मिक्सरच्या कंपनीचं नाव आणि पुढे 'चटणी जार' टाकलं. सगळ्यात वर जे भांडं आलं, ते चार स्टारवालं, उद्या घरपोच. दुसरं काही न बघता ऑर्डर केलं. दुसऱ्या दिवशी भांडं आलं, पण मिक्सरवर बसेचना! परत स्क्रीन नीट पाहिली, तेव्हा बारीक करड्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, 'स्पॉन्सर्ड'. म्हणजे ती जाहिरात होती, आणि भांडं दुसऱ्याच कंपनीचं. परत पाठवून पैसे मिळेपर्यंत आठवडा गेला. लाडवांसाठी वेलदोड्याची पूड आईने खलबत्त्यात कुटली, आणि प्रत्येक ठोक्याला माझ्याकडे बघितलं.

शेवटी मिक्सरच्या तळाला चिकटवलेला मॉडेल नंबर मी गूगलवर टाकला. तिथे कंपनीची साइट सापडली, साइटवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता सापडला आणि भांडं आमच्याच गावात मिळालं.

तेव्हापासून प्रश्न पडला, एकच गोष्ट दोन ठिकाणी शोधली तर उत्तरं इतकी वेगळी का? चला, सविस्तर बघूया.

प्रॉडक्ट सर्च म्हणजे काय?

एखादी वस्तू विकत घेण्याच्या इराद्याने केलेला सर्च म्हणजे प्रॉडक्ट सर्च. आपण दिवसभर काय काय शोधतो ते आठवा. 'आज पाऊस आहे का', 'मॅचचा स्कोअर', 'दहावीचा निकाल'. यातून सर्च इंजिनला फारसे पैसे मिळत नाहीत, कारण तिथे जाहिरात द्यायला कोणी धावत नाही. पण तुम्ही '१५ लिटर गिझर' असं टाकलंत की चित्र बदलतं. तुम्ही गिऱ्हाईक आहात, खिशात पैसे आहेत आणि बहुतेक याच आठवड्यात खर्च करणार आहात, हे त्या तीन शब्दांतून कळतं. गिझर विकणारा प्रत्येक जण तुमच्यासमोर यायला पैसे मोजायला तयार असतो. म्हणून सगळ्या सर्चमध्ये या सर्चला सोन्याचा भाव आहे.

आणि नेमका हाच सर्च लोक गूगल सोडून थेट शॉपिंग ॲपमध्ये करायला लागले. भांडणाचं मूळ इथे आहे.

दोघांचं काम कसं चालतं?

गूगलसारखं सर्च इंजिन इंटरनेटभर फिरून पानं वाचतं आणि त्यांची सूची बनवतं. पानं वाचत फिरणाऱ्या या प्रोग्रॅमला क्रॉलर म्हणतात. तुम्ही काही शोधलं की पानावरचा मजकूर, त्या पानाला इतर साइट्सनी दिलेल्या लिंक अशा बऱ्याच गोष्टी बघून क्रम लावला जातो. वस्तू गूगलच्या गोदामात नसते. ते तुम्हाला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडतं.

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टचा सर्च फक्त स्वतःच्या कॅटलॉगमध्ये शोधतो. कोणती वस्तू किती खपते, किती जण क्लिक करून खरंच विकत घेतात, स्टॉक आहे का, तुमच्या पिनकोडवर कधी पोहोचेल, रिव्ह्यू कसे आहेत, हे त्याला आतून माहीत असतं. ही माहिती गूगलकडे तितकी नसते. आणि तुमचा पत्ता, पेमेंट सगळं आधीच सेव्ह असतं. शोधलं, दाबलं, संपलं!

साध्या भाषेत सांगायचं तर गूगल म्हणजे गावातल्या सगळ्या दुकानांची माहिती असलेला माणूस, आणि शॉपिंग ॲप म्हणजे एका मोठ्या दुकानातला सेल्समन. सेल्समन त्याच्या मालाबद्दल भरपूर सांगेल, पण 'शेजारच्या दुकानात स्वस्त आहे' असं तो कशाला सांगेल? आणि तो माहीतगार माणूससुद्धा फुकटात नाही बरं का, काही दुकानदारांकडून तोही पैसे घेतो.

ही लढाई कधी सुरू झाली?

गूगलला या धोक्याची कल्पना फार लवकर आली होती.

- २००२ : गूगलने 'फ्रूगल' नावाची किंमत-तुलनेची सेवा सुरू केली. काटकसरी या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडलं. दुकानांना त्यात माल दाखवायला पैसे पडत नव्हते.
- २००३ : ॲमेझॉनने सर्चवर काम करण्यासाठी 'ए नाइन' ही स्वतंत्र कंपनी काढली.
- २००७ : फ्रूगलचं नाव बदलून 'गूगल प्रॉडक्ट सर्च' झालं.
- २०१२ : ते 'गूगल शॉपिंग' झालं आणि फुकट नोंदी बंद करून पैसे भरणाऱ्या दुकानांचाच माल दाखवायचा निर्णय झाला.
- २०१४ : गूगलचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनी बर्लिनच्या भाषणात सांगितलं, की सर्चमधला आपला सगळ्यात मोठा स्पर्धक बिंग किंवा याहू नसून ॲमेझॉन आहे.
- २०१८ : डिसेंबरमध्ये भारतात गूगलचा शॉपिंग टॅब आला.
- २०२० : आठ वर्षांनी गूगलने फुकट नोंदी परत सुरू केल्या, आधी अमेरिकेत.

२०१२ आणि २०२० या दोन ओळी परत वाचा. आधी फुकट, मग पैसे आणि मग परत फुकट. ज्यांना पैसे भरणं जमत नव्हतं त्या छोट्या दुकानांचा माल गूगल शॉपिंगमधून गेला आणि वस्तूंची यादी तोकडी झाली. ॲमेझॉनवर मात्र कोट्यवधी वस्तू होत्या. गिऱ्हाईक जिथे जास्त माल तिथे जाणार, हे उघड आहे.

पैसा कुठे आहे?

दोन्हीकडे जाहिरातीची पद्धत जवळपास सारखीच. विक्रेता ठरावीक शब्दांवर बोली लावतो, उदाहरणार्थ 'चटणी जार'. तुम्ही तो शब्द शोधला की क्षणार्धात लिलाव होतो आणि जिंकणाऱ्याचा माल वर दिसतो. नुसती बोली मोठी असून भागत नाही, जाहिरात तुमच्या सर्चशी किती जुळते हेही बघितलं जातं. तुम्ही क्लिक केलंत तरच विक्रेत्याचे पैसे जातात.

मी जे भांडं घेतलं ते असंच वर आलं होतं. दुसऱ्या कंपनीच्या नावावरही बोली लावता येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

यात रक्कम किती, तर २०२४ या एका वर्षात ॲमेझॉनला जाहिरातींतून सुमारे ५,६२० कोटी डॉलर मिळाले. ज्याला आपण दुकान समजतो, ते जगातल्या मोठ्या जाहिरात कंपन्यांपैकी एक आहे! गंमत म्हणजे हीच ऑनलाइन दुकानं गूगलवरही जाहिराती देतात. म्हणजे ती एकमेकांची स्पर्धकही आणि गिऱ्हाईकंही.

भिंती घालायचा खेळ

क्रॉलरला आपल्या साइटवर येऊ द्यायचं की नाही, हे साइटचा मालक एका छोट्या फाइलमधून सांगू शकतो. २००८ मध्ये चीनच्या ताओबाओ या बाजाराने तिथल्या बायडू या सर्च इंजिनला असाच दरवाजा बंद केला. त्यामुळे लोकांना वस्तू शोधायला थेट ताओबाओवरच जावं लागलं.

आपल्याकडे मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं. ॲपमध्ये गिऱ्हाईक सर्च इंजिनमधून नाही, थेट येतं. पण हा प्रयोग टिकला नाही, २०१६ मध्ये वेबसाइट परत आली. भिंत घातली की गिऱ्हाईक बाहेर जात नाही हे खरं, पण नवीन आतही येत नाही.

कोर्टकचेरी

सर्चमध्ये वर कोण, खाली कोण, हे एका कंपनीच्या हातात असलं की वाद होणारच.

ब्रिटनमधल्या एका जोडप्याने २००६ मध्ये 'फाउंडेम' नावाची किंमत-तुलनेची साइट काढली. ती गूगलच्या निकालांत खूप खाली गेली आणि त्यांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २०१० मध्ये चौकशी सुरू केली. स्वतःची शॉपिंग सेवा वर दाखवून इतर तुलना-साइट्सना खाली ढकलल्याबद्दल जून २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोचा दंड झाला. गूगल कोर्टात गेलं, पण सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम ठेवला.

दुसरी बाजूही सुटलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १७ राज्यांसोबत ॲमेझॉनवर खटला भरला. सर्चमध्ये जाहिरातींचा भडिमार करून गिऱ्हाईकाला हवी ती वस्तू सापडणं अवघड केलं, हा त्यातला एक आरोप. ॲमेझॉनला हे आरोप मान्य नाहीत.

भारतात काय?

आपल्याकडची गोष्ट अजून मजेशीर आहे. मे २०२४ मध्ये फ्लिपकार्टने जाहीर केलं, की गूगल त्यांच्यात छोटा हिस्सा घेत आहे. फ्लिपकार्टची मुख्य मालकी २०१८ पासून वॉलमार्टकडे आहे. म्हणजे सर्चवाला आता एका दुकानात भागीदार आहे.

ग्राहकांसाठी दोन नियम लक्षात ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तूंचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो हे प्लॅटफॉर्मने सांगायला हवं. आणि नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक सूचनांत, साधा मजकूर भासावा अशी लपवलेली जाहिरात हा फसवणुकीचा प्रकार मानला आहे. सूचनेत असे एकूण १३ प्रकार दिले आहेत.

मग आपण कसं शोधायचं?

त्या भांड्यानंतर मी हे पाळते :

१. काय घ्यायचं हे ठरलं नसेल तर आधी वेबवर शोधा. कोणतं मॉडेल, काय तक्रारी आहेत, हे तिथे जास्त कळतं.

२. सुटा भाग घ्यायचा असेल तर नावापेक्षा मॉडेल नंबर टाका. तो वस्तूच्या तळाशी किंवा मागे असतो.

३. 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित' लिहिलंय का बघा. असेल तर वस्तू वाईटच असते असं नाही, पण ती वर का आली याचं कारण पैसा आहे, हे लक्षात असू द्या.

४. वस्तू ठरली की किमान दोन ॲप आणि एक खरं दुकान, अशी किंमत तपासा. घरपोचचा खर्च धरून.

५. रिव्ह्यू नवीन आधी असे लावा, आणि एक-दोन स्टारवाले नक्की वाचा.

नेहमी पडणारे प्रश्न

*गूगल शॉपिंगवर वस्तू थेट गूगलकडून मिळते का?*
नाही. विकणारं दुकान वेगळं असतं. तक्रार आली तर त्या दुकानाकडेच जावं लागतं.

*पहिला निकाल सगळ्यात स्वस्त असतो का?*
तसं काही नाही. किंमतीनुसार बघायचं असेल तर सॉर्टचा पर्याय वापरा.

*मराठीत शोधता येतं का?*
हो. २०२१ मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन दोघांनीही मराठीचा पर्याय दिला. पण सुट्या भागांसाठी मॉडेल नंबरच जास्त कामाला येतो.

थोडक्यात

सर्च फुकट वाटतो, पण 'वर कोण दिसणार' याची किंमत विक्रेता भरतो आणि बऱ्याचदा ती वस्तूच्या किंमतीतून आपल्याकडेच येते. दोन बलाढ्य कंपन्या भांडतात ते आपण सर्चच्या चौकटीत टाकलेल्या दोन-तीन शब्दांसाठी. ते शब्द आपले आहेत, तेव्हा कुठे टाकायचे हे आपणच ठरवू.

आमच्या घरी आता नियम झालाय. काही मागवायचं म्हटलं की आई आधी विचारते, "वर ते बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते वाचलंस का?"