पहिला पीसी जोडताय? कॅबिनेट असं निवडा

दुकानात 'केस' मागितली तर समोर मोबाईलचं कव्हर येईल; आपल्याकडे पीसीच्या डब्याला कॅबिनेटच म्हणतात.

आधी मदरबोर्डचा आकार बघा. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं जमत नाही. ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंचीही ताडून घ्या. टॉवर कूलर बरेचदा १५५-१६० मिमी उंच असतात; कॅबिनेट अरुंद निघालं तर बाजूचं झाकण लागतच नाही.

माझं मत विचाराल तर समोर जाळीच हवी. काच बाजूला चालेल. पुढून थंड हवा आत, मागून-वरून गरम हवा बाहेर, हा रस्ता मोकळा पाहिजे. समोर बंद काच असली की पंख्यांना हवा कमी मिळते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा स्पीड उतरवतो. उन्हात फोन स्लो होतो ना, तसंच. जाळीतून धूळ येते, म्हणून काढून धुता येणारा फिल्टर बघा. पत्रा बोटाने दाबून पाहा. लगेच वाकला तर आरजीबी लाईट कितीही भारी असू देत, सोडून द्या.

कॅबिनेटसोबत येणारा स्वस्त एसएमपीएस मी वापरत नाही. त्यावर छापलेले वॅट तो सलग देईलच असं नाही, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. त्यासाठी वेगळे पैसे ठेवा. पुढे टाइप-सी पोर्ट असेल, तर मदरबोर्डवर त्याची पिन आहे का, तेही विचारून घ्या.