कल्याणची मिताक्षरा आणि बदलण्याची मुभा

आज जगभरचे प्रोग्रामर एकमेकांचा कोड हक्काने वापरतात. 1995 मध्ये पर्ल या भाषेसाठी सीपॅन हे सार्वजनिक भांडार उभे राहिले आणि पुढे बहुतेक भाषांनी तोच कित्ता गिरवला. कोणीही आपले काम तिथे ठेवावे, कोणीही ते घ्यावे, गरजेप्रमाणे बदलावे. बहुतेक परवान्यांची एक अट अशी की मूळ कर्त्याचे नाव पुसू नये. ही रीत संगणकाबरोबर जन्मली असे समजले जाते. बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, म्हणजे जुन्या कल्याणचा, इतिहास मात्र वेगळे सांगतो. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (1076 ते 1126) याच्या काळात, त्याच्या या राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कलबुर्गीजवळचे मरतूर गाव आज त्याच्या नावाशी जोडले जाते. एका नगरातली ही टीका बंगाल वगळता जवळजवळ साऱ्या भारतात वारसा आणि वाटणी यांचा आधार झाली. माझे म्हणणे असे की तिला हे आयुष्य मिळाले ते पुढच्यांनी तिच्यात भर घातली, दुरुस्ती केली म्हणून. आणि ती थिजली ती ही मुभा संपली तेव्हा.

विज्ञानेश्वराने आपले काम कोऱ्या पाटीवर केले नाही. मूळ स्मृती सुमारे हजार श्लोकांची. तिच्यावर विश्वरूपाची जुनी विस्तृत टीका होती आणि तिचे ऋण तो ग्रंथारंभीच मान्य करतो. असहाय, मेधातिथी, भारुची, धारेश्वर भोज यांची मते तो नावानिशी घेतो, पटत नाहीत तिथे खोडून काढतो. स्त्रीधनाच्या श्लोकातल्या ‘आद्य’ म्हणजे ‘इत्यादी’ या एका शब्दात त्याने वारशाने, खरेदीने, वाटणीने बाईकडे आलेली मालमत्ताही बसवली. मूळ ओळ जशीच्या तशी, तिचा आवाका मात्र कितीतरी मोठा. दुसऱ्याच्या पायावर उभे राहून त्याचे नाव न लपवता पुढे जाण्याची ही शिस्त धर्मशास्त्राच्या परंपरेत मुरलेली होती. बाराव्या शतकात कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानेही त्याच स्मृतीवर आपली स्वतंत्र टीका लिहिली, आणि त्यात कोणाला आगळीक वाटली नाही.

पुढचा प्रवास तर आणखी बोलका आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचे राज्य बुडाले, राजधानीचे वैभव गेले. ग्रंथ मात्र गेला नाही, कारण त्याच्या नकला तोवर दूरदूरच्या पंडितांकडे पोचल्या होत्या. याउलट मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा कोड त्याच्या कर्त्याने अशाच एका सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेली असंख्य कामे अडली. पोथी एकदा हातोहात पसरली की तिला असे परत बोलावता येत नसे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. मिताक्षरेच्या वारसक्रमात बहिणीचे नाव नव्हते. नीलकंठाने तिला आजीच्या लगोलग बसवले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मतभेद असेल तिथे मयूख मानला गेला, तर उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षराच वरचढ राहिली. मिथिलेचे, काशीचे, दक्षिणेचे निबंधकारही आपापल्या वाटेने गेले. एका मुळाच्या या शाखा आहेत, आणि प्रत्येकीत आपल्या मुलखाची चाल उतरली आहे.

यावर रास्त आक्षेप असा की हे भांडार उघडे होते तरी कोणाला? संस्कृत जाणणाऱ्या मूठभर पुरुषांना. ज्या बायकांच्या हक्कांचा त्यात निवाडा होता, त्यांच्या हाती लेखणी नव्हती; शूद्रांना तर दार बंदच. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. याच कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णा आणि इतर शिवभक्त शरणांनी कन्नडमध्ये, सगळ्या जातींच्या स्त्रीपुरुषांच्या तोंडून वचने घडवली, ती उगीच नव्हेत. पण प्रवेश अरुंद होता म्हणून बदलाची रीत खोटी ठरत नाही. तीच रीत अधिक हातांत असती तर काय झाले असते, एवढेच त्यातून दिसते. दुसरा आक्षेप असा की कोड न पटल्यास सोडता येतो, कायदा सोडता येत नाही. पण स्थानिक रूढी ग्रंथाला वाकवत असे, आणि 1868 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही, मदुरेच्या खटल्यात स्पष्ट सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनापेक्षा वरचढ मानली.

तरीही मिताक्षरा थिजली ती याच इंग्रजी अमलाच्या काळात. 1810 मध्ये इंग्रज अधिकारी कोलब्रूकने तिच्या दायविभागाचे, म्हणजे वारसा-वाटणीच्या भागाचे, इंग्रजी भाषांतर छापले. पंडितांच्या वादातला मजकूर न्यायाधीशांच्या टेबलावरचे कलम झाला. नवी टीका लिहून नियम हलवण्याची वाट बुजली आणि त्या जागी निवाड्यांचे दाखले आले. 1867 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता विधवेचे स्त्रीधन नाही असे ठरवले. विज्ञानेश्वराने ‘आद्य’ शब्दातून उघडलेले दार त्याच्याच ग्रंथाच्या नावाने लोटले गेले. मिताक्षरेतला जन्माने मिळणारा मुलाचा हक्क मात्र जसाच्या तसा राहिला, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला तो दिला नाही. नवी दुरुस्ती अखेर राज्यांनी केली. 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने, त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून, मुलींना जन्मसिद्ध वाटा दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राने ती अटही काढून जवळजवळ सगळ्या देशातल्या हिंदू कुटुंबांना एकच नियम लावला. आज राज्यसीमेच्या एका बाजूला कर्नाटकातल्या बसवकल्याणात आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातल्या उमरग्यात अशा कुटुंबांच्या वडिलोपार्जित शेतात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे.