मोटार सर्व्हिसिंग : कंपनीचे केंद्र आणि बाहेरचे गॅरेज

नव्या मोटारीची ठरावीक काळाने करावयाची देखभाल वाहन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावी की स्वतंत्र गॅरेजमध्ये, हा प्रश्न भारतातल्या जवळजवळ प्रत्येक मोटारमालकापुढे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत उभा राहतो. आपण ‘कंपनीत गाडी टाकली’ म्हणतो, पण बहुतेक अधिकृत केंद्रे डीलरच्या मालकीची असतात. कंपनी प्रशिक्षण देते, खास हत्यारे व सुटे भाग पुरवते आणि कामाची पद्धत ठरवून देते. गाडीखाली काम करणारा माणूस डीलरचा नोकर असतो. म्हणूनच एकाच शहरातल्या, एकाच कंपनीच्या दोन केंद्रांच्या कामात मोठा फरक आढळतो, आणि पाटी पाहून कामाची खात्री देता येत नाही. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला सुटणारा नफा थोडा असतो. सर्व्हिसिंग, विमा आणि ॲक्सेसरीज यांवर त्याचा गाडा चालतो. बिलाचे आकडे वाचताना हे अर्थकारण ध्यानात ठेवलेले बरे.

पूर्वपीठिका : रस्त्यावर मुख्यतः ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमिअर पद्मिनी होती, तेव्हा हा प्रश्न नव्हता. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग, फॅनबेल्ट यांची कामे कोपऱ्यावरचा मिस्त्री करी आणि इंजिनाचा आवाज ऐकून टायमिंग लावी. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रांचे जाळे देशभर पसरत गेले. पुढचा बदल प्रदूषणाच्या नियमांनी घडवला. १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, २०००पासून उत्सर्जनाचे नियम कडक होऊ लागले आणि १ एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. कार्ब्युरेटर गेला, इंधनाचे माप संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या ताब्यात गेले. आता बिघाड कळायला गाडीतल्या तपासणीच्या, म्हणजे ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडावा लागतो. ज्या मिस्त्रींनी स्कॅनर घेतला, नव्या गाड्या शिकून घेतल्या, ते टिकले. उत्तम स्वतंत्र गॅरेज चालवणारे अनेकजण मुळात अधिकृत केंद्रांतच घडलेले असतात.

मोफत सर्व्हिसिंग : नव्या गाडीबरोबर बहुधा पहिल्या तीन सर्व्हिसिंग मोफत मिळतात. मारुतीच्या बाबतीत पहिली एक महिना किंवा १,००० किमी, दुसरी सहा महिने किंवा ५,००० किमी आणि तिसरी एक वर्ष किंवा १०,००० किमी. यांपैकी जे आधी येईल ते धरायचे. मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि इतर साहित्याचे पैसे पडतात. या तिन्ही कंपनीच्या केंद्रातच कराव्यात, याबद्दल दुमत नसावे. नव्या गाडीतले कारखान्यातले दोष याच काळात वर येतात आणि त्यांची नोंद कंपनीच्या संगणकात पडणे मालकाच्या हिताचे असते.

वॉरंटी : खरी घालमेल इथे आहे. वॉरंटी म्हणजे साहित्यातला किंवा बनावटीतला दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची उत्पादकाची हमी. मारुतीने जुलै २०२४मध्ये आपली दोन वर्षे किंवा ४०,००० किमीची वॉरंटी तीन वर्षे किंवा १,००,००० किमीपर्यंत वाढवली. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची पाती, फिल्टर असे वापराने झिजणारे भाग सामान्यतः वॉरंटीत धरत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची हमी बहुधा त्यांच्या त्यांच्या उत्पादकांकडून असते.

‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येते. ते जसेच्या तसे मानण्याचे कारण नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेर मिळत नाही, अशी तक्रार एका ग्राहकाने २०११मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. सुरुवातीला ती होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध होती; चौकशी पुढे इतर कंपन्यांपर्यंत वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यांत मारुती, टाटा, महिंद्र, टोयोटा, मर्सिडीज-बेंझ, स्कोडा अशी नावे होती. आयोगाचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्यांचे पर्याय असतात, पण एकदा गाडी घेतली की तिचे भाग एकाच कंपनीकडून घ्यावे लागतात. म्हणजे आपापल्या गाड्यांच्या सुट्या भागांपुरती प्रत्येक कंपनी मक्तेदारच ठरते. आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची हत्यारे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देण्यास सांगितले. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अटही घालता येणार नाही, असे बजावले. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्या आदेशाचा आशय. टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या अपिलांत २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र घटवला. इतर काही कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. अमेरिकेत बाहेरच्या कामावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालण्याला १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानेच पायबंद घातला होता.

हे सगळे ग्राहकाच्या बाजूचे असले तरी वादाच्या वेळी पुरावा कोणाच्या हाती आहे, यावर बरेच ठरते. समजा, गाडीला दोन वर्षे झाली आहेत, ऑइल बाहेर बदललेले आहे आणि पॉवर विंडोची मोटर बंद पडली. ऑइलचा आणि काचेच्या मोटरीचा काही संबंध नाही; वॉरंटी नाकारणे चूकच, आणि तसे ठणकावून सांगता येते. पण त्याच गाडीचा टर्बोचार्जर बिघडला तर पहिला प्रश्न येतो : कोणते ऑइल, किती किलोमीटरला, बिल कुठे? बिल नसेल तर कायदा बाजूने असूनही मालकाचे हात बांधले जातात. म्हणून या नोंदकाराचे मत असे की वॉरंटीच्या काळात इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रिकल यांना स्पर्श करणारे काम कंपनीत करावे. पंक्चर, व्हील अलाइनमेंट, धुलाई, पॉलिश, एसी फिल्टर यांसाठी बाहेर जायला काहीच हरकत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचे नियम वेगळे वाचावेत. तिथे अधिकृत केंद्रातल्या वेळापत्रकावर अधिक कटाक्ष असतो.

नव्या गाडीच्या वॉरंटीला खरा धोका सर्व्हिसिंगपेक्षा तारा कापण्यातून पोहोचतो. शोरूमबाहेर स्वस्तात बसवलेली म्युझिक सिस्टीम, फॉग लॅम्प किंवा रिव्हर्स कॅमेरा यांसाठी वायरिंगचा मूळ हार्नेस कापला, तर त्या भागाची वॉरंटी नाकारायला कंपनीला सबळ कारण मिळते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचेही तसेच. ज्यांना गॅसवरच चालवायची आहे त्यांनी कारखान्यातून किट बसवून आलेलीच गाडी घ्यावी.

कामाचे स्वरूप : नेहमीच्या सर्व्हिसिंगचा गाभा छोटा असतो. इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे, एअर फिल्टर पाहणे, ब्रेक उघडून साफ करणे, कूलंट व ब्रेक ऑइलची पातळी आणि सस्पेन्शन तपासणे, एवढे पहिल्या दोन-तीन वर्षांत पुरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून बहुतेक कंपन्या ते सुमारे दोन वर्षांनी बदलायला सांगतात. हे काम कंपनीत आणि बाहेर, दोन्हीकडे कायम राहून जाते.

ऑइल बदलणे सोपे दिसते. चांगला मेकॅनिक ओळखायचा तो तिथेच. इंजिन कोमट असताना खालचा ड्रेन नट काढायचा, ऑइल धारेवरून थेंबावर येईपर्यंत थांबायचे, नटाचा जुना वॉशर टाकून नवा घालायचा आणि नट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाइतकाच आवळायचा. ॲल्युमिनिअमच्या ऑइल पॅनवर जोर लावून नट पिळला की आटे जातात, आणि थोड्या रुपयांचे काम हजारांवर जाते. नवे ऑइल भरून, इंजिन थोडे चालवून, काही वेळाने डिपस्टिकवर दोन खुणांच्या मध्ये पातळी पाहायची. जास्त ऑइल भरणेही इंजिनाला वाईटच.

ऑइलच्या डब्यावरचे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० हे आकडे फक्त पातळ-घट्टपणा सांगतात. त्याशिवाय एपीआय किंवा एसीईए या संस्थांचे प्रमाण आणि काही युरोपीय गाड्यांसाठी कंपनीची स्वतःची मान्यता जुळावी लागते. भारत स्टेज ६च्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ बसवलेला असतो आणि त्याला कमी राख सोडणारे ऑइलच चालते. चुकीचे ऑइल घातले तर लगेच काही कळत नाही. डीपीएफ हळूहळू तुंबतो आणि बदलायची वेळ आली की बिल डोळे पांढरे करते. बाहेरच्या गॅरेजची परीक्षा घ्यायची तर ‘कोणते ऑइल घालणार?’ एवढे विचारावे. गाडीचे मॅन्युअल मागून घेणारा मेकॅनिक भरवशाचा. ‘सगळ्या गाड्यांना हेच घालतो’ म्हणणाऱ्याकडून डिझेल गाडी परत न्यावी.

जॉबकार्ड आणि बिल : अधिकृत केंद्रात गाडी दिली की सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्ड भरतो. त्यावर किलोमीटर, इंधनाची पातळी, अंगावरचे ओरखडे आणि मालकाच्या तक्रारी येतात. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘सस्पेन्शन चेक’ असे लिहिण्यापेक्षा ‘डावीकडून स्पीडब्रेकरवर खट्ट आवाज येतो’ असे लिहिलेले असेल, तर पुढे वॉरंटीत तो भाग मागताना उपयोगी पडते. सही करण्यापूर्वी अंदाजपत्रक मागावे आणि त्यातली प्रत्येक ओळ मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहावी. जेमतेम वर्षाच्या गाडीला इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन ड्रेसिंग, टेफ्लॉन कोटिंग सुचवले जाते. तक्त्यात नसलेले काम नाकारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे आणि ते नाकारल्याने वॉरंटीला काही होत नाही. काढलेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगावे. काम खरोखर झाले की नाही, हे त्यावरून कळते.

बाहेरच्या गॅरेजचे मोठे सुख असे की ज्याने गाडी उघडली त्याच्याशीच थेट बोलता येते. मजुरी कमी पडते आणि भाग बदलण्याआधी दुरुस्त होतो का, हे पाहिले जाते. अधिकृत केंद्रात बहुधा आख्खा भागच बदलतात. मात्र गॅरेजनेही पक्के बिल द्यायला हवे. वहीच्या पानावर लिहिलेल्या हिशेबाला वॉरंटीच्या वादात किंमत नसते.

सुटे भाग : कंपनीच्या खोक्यातला भाग बऱ्याचदा बॉश, डेन्सो, व्हॅलिओ अशा पुरवठादाराने बनवलेला असतो. तशाच प्रकारचे भाग पुरवठादार स्वतःच्या नावानेही विकतात आणि ते स्वस्त पडतात. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत कश्मीरी गेटला हा माल मिळतो. त्याच बाजारांत बनावट मालही शिरतो. छापील किंमत, होलोग्राम आणि पक्के बिल यांशिवाय ब्रेक पॅड किंवा ऑइल फिल्टर घेऊ नये. ब्रेकच्या भागात पैसे वाचवण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

अपघात, रिकॉल आणि विजेच्या गाड्या : अपघातात विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये कॅशलेस दुरुस्ती होते, यादीत स्वतंत्र गॅरेजेही असतात. एअरबॅग, सेन्सर किंवा चॅसी यांना धक्का पोहोचला असेल तर मात्र कंपनीचेच केंद्र गाठावे. रिकॉलचे, म्हणजे सदोष म्हणून परत बोलावलेल्या गाड्यांचे, काम कंपनीकडे विनामूल्य होते. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११०अ खाली सरकारही सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. बाहेर सर्व्हिसिंग करणाऱ्यांपर्यंत रिकॉलचा निरोप पोहोचेलच असे नाही, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी क्रमांक टाकून अधूनमधून पाहावे. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नसते, पण उच्च दाबाच्या बॅटरीला प्रशिक्षणाशिवाय हात लावणे धोक्याचे. बॅटरीची, बऱ्याचदा आठ वर्षे किंवा १,६०,००० किमी अशी, वॉरंटी चालू असेपर्यंत तिचे काम कंपनीकडेच ठेवावे.

गडचिरोली किंवा तळकोकणातल्या अनेक मालकांपुढे निवडीचा प्रश्नच वेगळा असतो. अधिकृत केंद्र दीड-दोन तासांवर असेल तर गावातल्या जाणत्या मेकॅनिकशी संबंध हवाच. मोठी सर्व्हिसिंग वर्षातून एकदा कंपनीत आणि मधली देखरेख गावात, अशी सोय तिथे व्यवहार्य ठरते.

वॉरंटी संपल्यावर बाहेर पडणे बहुतेक गाड्यांसाठी शहाणपणाचे आहे. त्याआधी, शेवटच्या महिन्यात, कंपनीत संपूर्ण तपासणी करून घ्यावी आणि निघालेले दोष वॉरंटीतच दुरुस्त करवून घ्यावेत. गाडी विकताना सलग सर्व्हिस नोंदींमुळे भाव चांगला येतो. बाहेरच्या गॅरेजची बिले क्रमाने लावलेली असतील तर जाणकार गिऱ्हाईक तीही मानतो.

दाद : वॉरंटी चुकीने नाकारली तर कारण लेखी मागावे आणि डीलरबरोबर उत्पादकालाही पत्र किंवा ई-मेल पाठवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तिथे चालतात आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. डीलर आणि उत्पादक या दोघांनाही प्रतिवादी करावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते.