डार्विनचें दुखणें आणि त्याची पत्नी

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या पोटाला सहसा स्थान मिळत नाहीं. छातीचा विकार, अंधत्व किंवा रणांगणावरील जखम यांचें वर्णन चरित्रकार मोकळेपणानें करतात. परंतु अपचन, वायु, ओकारी असल्या गोष्टी शिष्टाचाराच्या पडद्याआड राहतात. चार्ल्स डार्विनच्या बाबतींत हा पडदा टिकणें शक्यच नव्हतें. जवळजवळ चाळीस वर्षें त्याच्या दिनक्रमावर ज्या दुखण्याची सत्ता चालली, तें पोटाचेंच दुखणें होतें. आणि त्यावर उपाय शोधण्यांत त्याचा स्वतःचा जितका वांटा होता, तितकाच त्याची पत्नी एमा हिचा होता.

एमा वेजवुड ही डार्विनची सख्खी मामेबहीण. आपल्याकडील कित्येक घराण्यांना या संबंधांत कांहींच नवल वाटणार नाहीं. डार्विनला मात्र पुढें याचीच चिंता लागली. आपली दुर्बल प्रकृति मुलांत उतरेल, आणि नात्यांतल्या विवाहामुळें ती अधिकच उतरेल, ही भीति त्याला जन्मभर सोडून गेली नाहीं. ‘बीगल’ जहाजावरची पांच वर्षांची सफर आटोपून तो १८३६ सालीं परत आला आणि २९ जानेवारी १८३९ रोजीं हा विवाह झाला. तत्पूर्वींच त्याच्या प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. विवाह ठरल्यानंतर लिहिलेल्या एका पत्रांत एमानें त्याला बजावलें कीं, शुश्रूषा करायला मी जवळ येईपर्यंत आतां पुन्हां आजारी पडूं नकोस. डार्विनला हा सल्ला पाळतां आला नाहीं.

पोटांत रात्रंदिवस वायु धरावा, जेवणानंतर दोन-तीन तासांनीं अस्वस्थता वाढावी, ओकाऱ्यांची माळ लागावी आणि आठवडेच्या आठवडे लेखन बंद पडावें, असा हा विकार होता. १८४२ सालीं हें कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत राहावयास गेलें. डार्विनचा बाप रॉबर्ट हा श्रूजबरीचा नामांकित डॉक्टर. त्याच्या सल्ल्यावर मुलाची मोठी भिस्त होती. नोव्हेंबर १८४८ मध्यें तो वारला, तेव्हां मुलगा इतका आजारी होता कीं, अंत्यविधीच्या आरंभीं त्याला हजर राहतां आलें नाहीं.

त्यानंतर निकडीनें दुसरा आधार शोधणें भाग पडलें. मॉल्व्हर्न येथें डॉ. जेम्स गली यांच्या जलोपचारांचा मोठा बोलबाला होता. १८४९ च्या मार्च महिन्यांत सहा मुलें आणि नोकरचाकर यांच्यासह सगळा संसार तिकडे हलला. धाकटा फ्रान्सिस त्या वेळीं सात महिन्यांचाहि झाला नव्हता. एका माणसाच्या पोटासाठीं एवढें बिऱ्हाड हालविणें म्हणजे काय, हें ज्या गृहिणीनें केलें असेल तिलाच कळेल. रोग्याला स्पिरिटच्या दिव्यानें तापवून घाम आणावा, लगेच गार पाण्याच्या ओल्या टॉवेलांनीं खसाखसा घासावें, पाय थंड पाण्यांत बुडवावे आणि पोटावर ओल्या फडक्याची घडी दिवसभर बांधून ठेवावी, अशी ही पद्धति होती. साखर, लोणी, मसाले, चहा, सगळें वर्ज्य! गली होमिओपॅथीच्या गोळ्याहि देई. डार्विन त्या आज्ञाधारकपणें घेई, पण त्यांवर त्याचा काडीचाहि विश्वास नव्हता. तरीहि जून अखेर तो परतला तेव्हां त्याला खरोखरच बरें वाटत होतें. घरीं बागेंत एक झोंपडी बांधून त्यानें अंगावर गार पाण्याची धार घेण्याची व्यवस्था करविली, आणि दररोज प्रकृति कशी राहिली याची टिपणवहीहि ठेवली. एमाच्या लहानशा डायऱ्यांतहि नवऱ्याच्या आणि मुलांच्या दुखण्यांच्या नोंदी सांपडतात.

याच यशाच्या भरंवशावर १८५१ सालीं त्यांनीं आपली दहा वर्षांची आजारी मुलगी ॲनी मॉल्व्हर्नला नेली. एमाला तिच्यापाशीं जातां आलें नाहीं; तिचे दिवस भरत आले होते. बाप मुलीच्या उशाशीं आणि आई डाउनला टपालाची वाट पाहत बसलेली, असे ते दिवस गेले. २३ एप्रिलला ॲनी वारली. तिला तेथील प्रायरीच्या आवारांत पुरलें, परंतु डार्विन त्या विधीसाठीं थांबला नाहीं. तो एमाकडे परत आला. तीन आठवड्यांच्या आंत एमाला होरेस हा मुलगा झाला.

पुढील कांहीं वर्षें डार्विननें मॉल्व्हर्नचें नांव टाकलें. १८५७ पासून तो मूर पार्क येथें डॉ. लेन यांच्याकडे जाऊं लागला. २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं त्याचा ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्या दिवशींहि ग्रंथकर्ता यॉर्कशायरमधील इल्कली येथें जलोपचारच घेत होता!

एमा श्रद्धाळू होती. नवऱ्याची श्रद्धा ढळत चालली आहे हें तिला विवाहापूर्वींच उमगलें होतें. १८६१ मध्यें तिनें त्याला लिहिलेल्या पत्रांत या दुःखाचा आणि त्या दुखण्याचा एकत्र उल्लेख आहे. त्याच्या यातना पाहून आपलें मन कसें तुटतें हें सांगून, त्या देवाच्या हातून आल्या आहेत असें मानण्यांतच आपल्याला विसांवा मिळतो, असें ती लिहिते. अशी समजूत असलेलें माणूस पुष्कळदां हातपाय गाळून बसतें. एमा बसली नाहीं. १८६३ सालीं दुखणें अतोनात बळावलें तेव्हां पुन्हां मॉल्व्हर्नला जाण्याचा आग्रह तिनेंच धरला. जेथें आपली मुलगी गेली त्याच गांवीं नवऱ्याला बरें करण्यासाठीं नेण्याला किती धैर्य लागलें असेल! तेथें पोंचतांच ती ॲनीची समाधि पाहण्यास गेली, तों शिळाच सांपडेना. नवऱ्याचा आप्त आणि जुना मित्र फॉक्स यानें ती शिळा पूर्वीं पाहिली होती, म्हणून त्याला पत्र गेलें. अखेरीस ती सांपडली. उपचारांनीं मात्र या खेपेला दगा दिला. गली स्वतःच आजारी, त्याच्या जागीं दुसरा डॉक्टर, आणि रोग्याची प्रकृति अधिकच खालावलेली. ऑक्टोबरमध्यें मंडळी परतलीं, आणि त्यापुढील कित्येक महिने डार्विनच्या पत्रव्यवहाराचें कामहि बव्हंशीं एमाच्याच हातीं राहिलें.

पुढें एकामागून एक डॉक्टर झाले. जेनर यांनीं खडूची भुकटी आणि मॅग्नेशिया मोठ्या प्रमाणांत दिला; त्यानें थोडा उतार पडला. १८६५ सालीं चॅपमन यांनीं पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या बांधण्याचा उपाय सुचविला. तो थोड्याच आठवड्यांत सोडावा लागला. या चॅपमनसाठीं डार्विननें आपल्या लक्षणांचें एक टिपण तयार केलें होतें. त्यांत वायु आहे, ओकाऱ्या आहेत, कानांत घुमणारा आवाज आहे. आणि त्याच यादींत, एखादें शारीरिक लक्षण सांगावें त्याप्रमाणें, एमा दूर गेली म्हणजे मन बेचैन होतें, असेंहि नमूद आहे. त्यानंतरच्या बेन्स जोन्स यांनीं त्याला जवळजवळ उपाशींच ठेवलें, आणि घोड्यावर बसण्याचा व्यायाम सांगितला.

या डॉक्टरांना दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. जिवंत माणसाच्या आंतड्यांत काय चाललें आहे हें पाहण्याचें साधनच त्यांच्यापाशीं नव्हतें. म्हणून जें कांहीं खरें साहाय्य डार्विनला मिळालें तें घरांतलें होतें: ठराविक वेळेला जेवण, ठराविक वेळेला विश्रांति, पाहुण्यांची गर्दी टाळणें, कादंबरीचें वाचन, एमाचा पियानो, आणि रोज रात्रीं बॅकगॅमनचे दोन डाव. १८७६ मध्यें डार्विननें हिशेब केला तेव्हां त्याचे २७९५ आणि एमाचे २४९० डाव जिंकून झाले होते. आयुष्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत पोटाचा त्रास पुष्कळ कमी झाला. १९ एप्रिल १८८२ रोजीं त्याचा अंत झाला तो हृदयविकारानें. त्याचा मुलगा फ्रान्सिस यानें १८८७ सालीं चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत, निरोगी माणसाचा एक दिवसहि न लाभलेल्या आपल्या बापाला तो भार कोणाच्या आधारानें सोसतां आला, हें त्यानें आईकडे बोट दाखवून सांगितलें आहे.

रोगाचें नांव काय, याचा वाद अजून मिटलेला नाहीं. १८३५ सालीं अर्जेंटिनांत मेंडोझाजवळ डार्विनला एक मोठा रक्तशोषक ढेकूण चावला होता. त्यावरून सॉल ॲडलर यांनीं १९५९ मध्यें चागास रोगाचा तर्क मांडला. परंतु प्रवासाच्या आधींच्या तक्रारी आणि उतारवयांतील सुधारणा या तर्कांत नीट बसत नाहींत. कोणी मनाच्या ताणाचें कारण सांगतात, कोणी क्रोन याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंतड्यांच्या दाहाचें. २००५ सालीं कॅम्बेल आणि मॅथ्यूज या दोघां संशोधकांनीं अधिक साधें उत्तर पुढें केलें: डार्विनला दूधच पचत नसावें. दुधांतील साखर न पचणाऱ्या माणसाला जेवणानंतर दोन-तीन तासांनीं असाच वायु धरतो आणि असाच त्रास होतो; तो बरा झाला तो दूध आणि साय योगायोगानें सुटली तेव्हांच, असें त्यांचें म्हणणें आहे.

हें खरें असेल तर प्रकरण फार कठीण होतें. एमाची पाककृतींची वही उपलब्ध आहे आणि २००८ सालीं ती छापूनहि निघाली. तींत दूध, साय आणि अंडीं घालून केलेल्या गोड पदार्थांची रेलचेल आहे. आणि डार्विनला गोडाची आवड किती होती हें त्यानें स्वतःच कबूल केलें आहे. ज्या हातांनीं त्याच्या ओकारीचें भांडें धरलें, त्याच हातांनीं लिहिलेल्या कृतीचा पदार्थ पुन्हां त्याच्या पानांत येत असला पाहिजे. वैद्यांपैकीं कोणालाहि जें ठाऊक नव्हतें, तें तिला ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्या वहींत एकच कृति डार्विनच्या अक्षरांत आहे. ती साधा भात शिजविण्याची आहे.