शिरोड्याचे शिक्षक आणि मराठी कादंबरी : वि. स. खांडेकर यांच्या जीवनकार्याचा स्थानिक इतिहासाच्या अंगाने विचार

प्रस्तावना :

मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणारे कादंबरीकार म्हणून विष्णु सखाराम खांडेकर सर्वपरिचित आहेत. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यालाही 'ययाति' आणि १९७४ ही जोडी तोंडपाठ असते. मात्र या लेखकाच्या उमेदीची अठरा वर्षे आपल्याच जिल्ह्यातील शिरोडे या गावी एका शाळेत शिकवण्यात गेली, हे सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते, तेही ती बाब चरित्रातील एक तपशील म्हणून सांगतात. प्रस्तुत लेखात या अठरा वर्षांचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाच्या भूमिकेतून केला आहे. शिरोड्याने खांडेकरांना काय दिले आणि खांडेकरांच्या कादंबरीत शिरोडे कितपत उतरले, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गौरवाचे आहे. दुसऱ्याचे तितके सरळ नाही.

जीवनपट :

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. पुढे सखाराम खांडेकर यांना दत्तक गेल्यामुळे ते विष्णु सखाराम झाले. वडिलांचे छत्र लवकर हरपले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, तेथे राम गणेश गडकरी यांचा सहवास त्यांना लाभला, परंतु पदवी न घेताच शिक्षण सोडावे लागले. १९२० मध्ये ते शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले व पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले. १९३८ मध्ये ते कोल्हापूरला गेले आणि अखेरपर्यंत कोल्हापूर हीच त्यांची कर्मभूमी राहिली. १९४१ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९६८ चा पद्मभूषण किताब आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

शिरोडे : एक सीमेवरचे गाव :

खांडेकर आले तेव्हाचे शिरोडे नकाशावर पाहणे उद्बोधक आहे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालवण आणि वेंगुर्ले हे दोन्ही तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस असलेले शिरोडे ब्रिटिश मुलखात होते. त्याच्या पूर्वेस सावंतवाडी संस्थान आणि दक्षिणेस तेरेखोलच्या बाजूला पोर्तुगीजांचा गोवा होता. तीन राजवटींच्या सांध्यावर वसलेल्या या गावात मिठागरे होती, माडांच्या बागा होत्या आणि मासेमारी होती. मालवण व वेंगुर्ले बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठणारा तरुण आणि त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारे घर, हे या किनाऱ्याचे त्या काळातील चित्र होते. अशा ठिकाणी इंग्रजी शाळा चालवणे म्हणजे मुलांना मुंबईची वाट खुली करून देणे होय. जी मुले शिकतील ती गाव सोडतील, हे उघड असतानाही शाळा टिकवावी लागते. ग्रामीण कोकणातील शिक्षकापुढचा हा पेच शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही, हे आपणा सर्वांना अनुभवाने माहीत आहे.

खांडेकरांच्या घडणीतील आणखी एक घटना म्हणजे मिठाचा सत्याग्रह. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्याच महिन्यात गुजरातेत धारासण्याचा सत्याग्रह घडला. धारासणा राष्ट्रीय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहे, शिरोडे बहुधा एका ओळीत येते. योगायोग असा की खांडेकरांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' हीदेखील १९३० मध्येच प्रसिद्ध झाली. त्यापाठोपाठ 'कांचनमृग' (१९३१), 'उल्का' (१९३४), 'दोन ध्रुव' (१९३४) आणि 'हिरवा चाफा' (१९३८) या कादंबऱ्या आल्या. 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथाही याच काळातील आहे. याचा अर्थ असा की, कादंबरीकार म्हणून खांडेकर शिरोड्यातच घडले. कोल्हापूरला गेले ते एक नावारूपाला आलेले लेखक.

शिक्षक हे पात्र :

खांडेकरांच्या वाङ्मयाची चर्चा बहुधा ना. सी. फडके यांच्याशी झालेल्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादाच्या चौकटीत होते. ती चौकट उपयुक्त असली तरी अपुरी आहे. 'जीवनासाठी कला' ही भूमिका खांडेकरांकडे केवळ वाचनातून आलेली नव्हती. फी न भरू शकणाऱ्या मुलाच्या समोर रोज उभे राहणाऱ्या माणसाची ती भूमिका होती.

या दृष्टीने त्यांच्या दोन कादंबऱ्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. 'उल्का' ही एका ध्येयवादी शिक्षकाच्या मुलीची कथा आहे, तर 'अश्रू' (१९५४) या कादंबरीच्या केंद्रस्थानी एक गरीब, प्रामाणिक शिक्षक आहे. या दोहोंमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे आणि या वीस वर्षांतच देश स्वतंत्र झाला. पहिल्या कादंबरीच्या काळात शिक्षकाची गरिबी हा त्यागाचा पुरावा मानला जात होता. दुसरीच्या काळात तीच गरिबी अव्यवहारीपणाची खूण ठरू लागली होती. शिक्षकी पेशाच्या सामाजिक प्रतिष्ठेत झालेला हा बदल कोणत्याही सरकारी अहवालात इतक्या स्पष्टपणे सापडणार नाही. ललित वाङ्मय हे इतिहासाचे साधन होऊ शकते, ते या अर्थाने. घटनेची तारीख त्यातून मिळत नाही, पण काळाची मूल्यव्यवस्था त्यातून कळते.

'ययाति' आणि मिथकाचा उपयोग :

'ययाति' (१९५९) ही या विचारप्रवाहाची परिणती होय. महाभारताच्या आदिपर्वातील कथा घेऊन खांडेकरांनी ती ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून मांडली आणि मूळ कथेत मर्यादित स्थान असलेल्या कचाला संयमाचा प्रतिनिधी म्हणून उभे केले. मुलाचे तारुण्य मागून घेणारा बाप ही प्रतिमा, स्वातंत्र्यानंतर उपभोगाकडे वळलेल्या समाजाला उद्देशून आहे. त्यागाच्या बळावर स्वातंत्र्य मिळवणाऱ्या पिढीने पुढच्या पिढीला काय ठेवले, हा तो प्रश्न आहे.

प्राचीन कथेला आधुनिक प्रश्न विचारण्याची ही पद्धत त्या काळात केवळ भारतात नव्हती. क्रीट बेटावर १८८३ मध्ये जन्मलेले ग्रीक कादंबरीकार निकोस काझान्टझाकिस यांनी १९३८ मध्ये होमरच्या ओडिसियसला पुन्हा प्रवासाला पाठवणारे ३३,३३३ ओळींचे महाकाव्य प्रसिद्ध केले. दोघेही आपापल्या महाकाव्य-परंपरेकडे वळले. काझान्टझाकिसचा नायक मात्र घरी स्थिर होऊ शकत नाही, तर खांडेकरांचा नायक वासनेतून बाहेर पडू शकत नाही.

या तुलनेतून आणखी एक फरक लक्षात येतो. काझान्टझाकिस यांच्या कादंबऱ्यांत क्रीट स्वतःच्या नावाने येते. 'कॅप्टन मिखालिस' (१९५३) ही कादंबरी तुर्की सत्तेविरुद्ध १८८९ मध्ये क्रीटमध्ये झालेल्या उठावावर आधारलेली आहे. खांडेकरांनी शिरोड्याला असे स्थान दिले का ?

मर्यादा आणि पुढची पिढी :

याचे उत्तर प्रामाणिकपणे नकारार्थी द्यावे लागते. खांडेकरांच्या कादंबऱ्यांत समुद्र आहे, पण तो पुष्कळदा मनःस्थितीचे प्रतीक म्हणून येतो. दारिद्र्य आहे, पण ते सुशिक्षित, संवेदनशील नायकाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. मिठागरात राबणारा मजूर किंवा रापण ओढणारा मच्छीमार त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी येत नाही. मालवणी बोलीलाही तेथे फारसा वाव नाही.

ही उणीव याच परिसरातील पुढच्या लेखकांनी भरून काढली, हे विशेष. शिरोड्याला लागूनच असलेल्या आरवलीचे जयवंत दळवी (१९२५-१९९४) यांनी 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) मध्ये गावातील माणसे त्यांच्या विक्षिप्तपणासह उभी केली आणि 'महानंदा' (१९७०) मध्ये भाविणीच्या घरात जन्मलेल्या मुलीची व्यथा मांडली. वेंगुर्ल्याजवळ बागलांची राई येथे १९३० मध्ये जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकर यांनी 'कोंडुरा' (१९६६) मध्ये या भूमीतील श्रद्धा आणि भय यांचा तळ शोधला. खानोलकर आणि खांडेकर यांचे निधन एकाच वर्षी, १९७६ मध्ये झाले. एकाच तालुक्याशी निगडित तीन कादंबरीकारांचा हा क्रम मराठी कादंबरी आदर्शाकडून माणसाकडे कशी आली, हे दाखवणारा आहे.

तथापि, या मर्यादेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शिरोड्याचे नाव नसल्यामुळेच कदाचित खांडेकरांचे खेडे इतर प्रांतांतील वाचकाला आपले वाटले. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ वाचकांत त्यांना जी लोकप्रियता लाभली, ती दळवी किंवा खानोलकर यांच्या वाट्याला आली नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शिरोड्याने खांडेकरांना विषय दिला आणि शिक्षकाचे पात्र दिले. खांडेकरांनी मात्र गावाचे चित्र कादंबरीत फारसे न आणता गावाची शाळा उभी ठेवली. गावाचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे आणि इतिहासाने त्याची नोंद घ्यायला हवी.

एक गोष्ट शेवटी नमूद करावीशी वाटते. पदवी नसलेल्या या शिक्षकाला आजच्या नियमांनुसार आपल्यापैकी कोणत्याही महाविद्यालयात मुलाखतीचे पत्रसुद्धा मिळाले नसते. नियम आवश्यक आहेतच. पण नियमांची पूर्तता करून येथे आलेल्या आपण या किनाऱ्याला अठरा वर्षांत काय दिले, असा प्रश्न शिरोड्याची शाळा विचारू शकते. आपल्या विद्यार्थ्यांकडून परिसरातील जुन्या शाळांची दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवून घेणे, एवढे काम तरी आपल्या हातून व्हावे. त्याचा आरंभ शिरोड्यापासून करता येईल.